गुन्हेगारांचे दोन तक्ते

वृत्तपत्राच्या न्यायासनापुढे सगळे गुन्हेगार सारखे. तिथे ना स्त्री, ना पुरुष. दिसतो तो फक्त गुन्हा. हे थोर तत्त्व काटेकोर पाळता यावं म्हणून आमच्या कचेरीत दोन वेगवेगळे छापील तक्ते ठेवलेले होते.

पांढरा तक्ता पुरुषांसाठी. त्यात रकाने : नोकरी, कामाचा ताण, आजारपण, शेजाऱ्यांचं मत. गुलाबी बायकांसाठी. त्यात वर्ण, बांधा, कपड्यांचा रंग, लग्नं किती, मित्र किती, चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसला का. दोन्ही आमच्या गुन्हेवार्ता-प्रमुखाची निर्मिती. त्याला सगळे फौजदार म्हणत. तीस वर्षांत तो पोलीस चौकीत एकदाच गेला होता, सायकल हरवली म्हणून. मी उपसंपादक. रकान्यांच्या चिंध्या जोडून बातमी शिवायची, हे माझं काम.

त्या आठवड्यात दोन डोकी फुटली. एका कारकुनाने मेव्हण्याच्या डोक्यात इस्त्री घातली. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने दिराच्या डोक्यात कुकरचं झाकण घातलं. दोघांनाही सात-सात टाके. एवढी समानता निसर्गसुद्धा पाळत नाही.

दोन्ही बातम्या आमच्या नव्या वार्ताहर मुलीकडे आल्या. तिची उमेदवारी संपत आली होती, सोमवारी कायम व्हायची होती. वडील अंथरुणाला खिळलेले. घर तिच्या एकटीच्या पगारावर. घाईत निघताना तक्त्यांवर नावं घातली, त्यांची अदलाबदल झाली. कारकुनाच्या गल्लीत गेल्यावर पिशवीतून त्याच्या नावाचा गुलाबी निघाला. रकाना रिकामा ठेवला तर फौजदार डोकं खातो, म्हणून बिचारीने मुकाट्याने भरला. बाईच्या गल्लीत उरलेला पांढरा भरला. फौजदार जेवायला गेला होता. मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि छापायला सोडलं.

सकाळी गावाला कळलं, की बाई दिवसाचे बारा तास उभी असते, पाठदुखीने बेजार आहे, शेजारी म्हणतात कधी मुंगी मारली नाही; एका क्षणी तोल गेला. कारकून मात्र सावळा, भरल्या अंगाचा, लिंबूरंगी घट्ट शर्टातला. दोन लग्नं मोडलेली, मैत्रिणी तीन. अटकेच्या वेळी भांग पाडत होता. पश्चात्ताप नावालाही नाही.

दहाच्या ठोक्याला कारकुनाचे वडील संपादकांच्या खोलीत घुसले.

"अहो, माझ्या लेकाच्या बांध्याशी तुम्हाला काय करायचंय? इस्त्री मारली ना त्याने? मग इस्त्रीचं लिहा की! मैत्रिणी कसल्या मोजता?"

"बसा बाबा. पाणी घ्या," संपादक म्हणाले. हा आवाज आम्हाला नवीन होता. तीस वर्षं गुलाबी तक्त्यातल्या बायकांचे बापही येत. त्यांना शिपाई जिन्यावरूनच परत पाठवायचा.

वडील गेले, तशी मुलीला हाक आली. फौजदार आधीच कोपऱ्यात फुसफुसत होता. "बाईची कैफियत छापलीत! आता घरोघर झाकणं उडतील!"

"साहेब, यातली एक तरी ओळ खोटी आहे का?" मुलीने विचारलं.

"खोटी असती तर खुलासा छापून मोकळे झालो असतो," संपादक म्हणाले. "खरी आहे, हीच तर पंचाईत." आणि तिचं कायम करण्याचं पत्र चार तुकडे करून टोपलीत टाकलं. "उद्यापासून येऊ नकोस."

"छापायला मी सोडलं होतं," मी म्हणालो.

"तुमचं सोडा हो. तुमच्यावर कामाचा ताण असतो."

मुलीने टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला. हातात तोलून पाहिला. संपादक खुर्चीसकट सरकून टेबलाखाली दिसेनासे झाले. फौजदाराने मात्र तीस वर्षांची सवय मोडली नाही. त्याचा हात आपसूक खिशात गेला आणि गुलाबी तक्ता बाहेर आला.

तिने तक्त्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पाल दिसल्यावर पाहतात तसं. पेपरवेट जागेवर ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागली.

टेबलाखालून संपादकांचा आवाज आला, "जाताना दार ओढून घे गं, एसी चालू आहे."