काशीरामच्या पोटातला पहारा

मित्रांनो, मी एक जुने आतडे आहे. सुकापूरच्या काशीरामच्या पोटात वेटोळे घालून बसलेले. स्वभाव विचाराल तर संशयी. वरून आलेल्या कुठल्याच घासावर माझा विश्वास नसतो. हा कुठून आला? सोबत कोणाला घेऊन आला? नीट शिजला होता का? चौकशी केल्याशिवाय मी कोणाला पुढे सोडत नाही. तुम्ही हसाल, पण माझे कामच ते आहे.

माझी भिंत फार पातळ असते. तिच्यावर एक बुळबुळीत थर असतो, पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात आणि मागे पहारेकरी पेशी डोळ्यांत तेल घालून बसतात. भिंतीपलीकडे रक्त वाहते. जंतू तिकडे शिरला की माझे काही चालत नाही. काशीराम तरुणपणी शेतात राबायचा, मिळेल ते खायचा. "काशीला दगडबी पचल," असे लोक म्हणायचे, तेव्हा मला मनातून बरे वाटायचे.

मग शेतावर इमारती उठल्या, हाताला काम उरले नाही आणि रोज संध्याकाळी दारू येऊ लागली. मला ती पहिल्यापासून आवडली नाही. पाहुण्यासारखी यायची आणि जाताना थर झिजवून, पेशींची पकड सैल करून जायची. पहारेकरी कमी झाले, उरलेले पेंगू लागले. पोट बिघडवून मी काशीरामला सांगून पाहिले. आतड्याचे कोण ऐकतो?

यंदा थंडीत घरच्यांनी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरली, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद केले आणि मडके जाळात ठेवले. भुकेच्या घाईत ते लवकरच उघडले.

"आवं, कोंबरी कच्ची हाय. आतून लाल हाय बगा," काशीरामची बायको हौसा म्हणाली.

काशीरामने ग्लास उचलला. "काय व्हत नाय. वरून ही टाकली का जंतू मरतान."

तीच कोंबडी शेजारच्या दादूनेही खाल्ली. तो रोज पिणारा नव्हता. त्याचे पोट बिघडले आणि सुधारले. इथे मात्र दारूने जंतू मेले नाहीत, आणि त्यांना अडवायला माझ्याकडे कोणी उरले नव्हते. ते भिंत ओलांडून रक्तात शिरले. काशीराम तापाने बरळू लागला. मुलगा केतनने त्याला पनवेलच्या इस्पितळात नेले. माझ्याच दारातून मरण आत गेले होते. मला फार भीती वाटली.

औषधांनी तो वाचला. "दारू बंद केली तर आतडं हळूहळू सावरेल," डॉक्टरीण बाईंनी बजावले.

काल संध्याकाळी दादू घरी आला, बाटली घेऊनच. "औषध समजून घे. ताकद येल."

"मी नाय अडवनार," हौसा म्हणाली. "तिकरं दवाखान्यात मी कुकवाची आशा सोरलेली. आता तुमी बगा."

मी होते नव्हते तेवढे पहारेकरी गोळा केले. मग काहीतरी गरम खाली आले. मी ते चाचपले, पुन्हा चाचपले. तांदळाची पेज होती, मीठ घातलेली.

मित्रांनो, तुमच्याही पोटात माझ्यासारखे कोणीतरी संशयाने जागे आहे. त्याला नीट शिजलेले अन्न द्या, आणि मोठे झालात तरी त्याच्या पहाऱ्यावर दारू ओतू नका.

पेज मी पुढे सोडली. काशीरामवर मात्र अजून विश्वास ठेवलेला नाही. आजची संध्याकाळ यायची आहे.