जुना पासवर्ड, नवा नियम

चारला पंचवीस मिनिटं कमी असताना माझ्या चुलतबहिणीचा, हेमलताचा, जगित्यालच्या नेट सेंटरवरून फोन आला. इंजिनिअरिंग कॉलेजांची पसंती भरायची मुदत आज चारपर्यंत; नाही भरली तर वर्ष गेलं. आणि ही बया म्हणते, मी पासवर्ड विसरले.

मी झाडलंच तिला. ती पसंती भरायची साइट आमच्या हैदराबादच्या ऑफिसात बनलेली, म्हणून काय मी जादू करू? नवा पासवर्ड मागव म्हटलं, तर ओटीपी जाणार काकांच्या फोनवर. काका दुबईत कामावर, फोन बंद.

"अक्का, टाइप करतानाच लाल अक्षरात 'पासवर्ड चुकीचा' येतंय. बटण दाबूच देत नाही."

बटण दाबल्याशिवाय सर्व्हरला काही कळतच नाही. मग चुकीचा ठरवतंय कोण? मीच. पासवर्डात एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह हवंच, असा नियम मी काल संध्याकाळी लिहिला होता. तो फक्त नव्या नोंदणीसाठी. मी शहाणीनं त्या नियमाची जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या कोडची, फाइल लॉगिनच्या पानालाही जोडून ठेवली. जुने साधे पासवर्ड बरोबर असूनही अडत होते.

घाईत एक ओळ काढताना तीनदा चुकले. फाइल चढवली, तरी हेमाकडे लालच. तिच्या ब्राउझरनं जुनी फाइल धरून ठेवलेली. मेले आता, म्हटलं. फाइलचं नाव बदलून पुन्हा चढवली, म्हणजे ब्राउझरला ती नवी घ्यावीच लागेल.

तेवढ्यात आमचे साहेब, नरसिंहम गारू, चहाचा कप घेऊन आले. खुशीत होते. सकाळपासून एकही तक्रार नाही म्हणाले.

चारला सात मिनिटं असताना हेमा आत शिरली. पसंती भरली, सेव्ह झाली. मला रडूच आलं. तिथं आणखी कुणी अडलंय का, विचारलं.

"सकाळी आम्ही नऊजणी होतो. पासवर्ड विसरलो म्हणून बाकीच्या रडत बसनं गावी गेल्या. आपलीच चूक, अक्का, कुणाला सांगणार?"

उठले आणि साहेबांना गाठलं. चूक माझी आहे, मुदत वाढवून घ्या, म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "पण तक्रार तर कुणीच केली नाही ना?"

हेमा अजून फोनवर होती. मी फोन त्यांच्या हातात दिला.