खोळीत घुसमटलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे. रीत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. मैत्री करावी असा माणूस मला फारसा भेटलेला नाही. माझी कहाणी ऐकून कुणाला कीव आलीच, तर ती त्याने आपल्याजवळ ठेवावी.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो आणि मोठ्या तोऱ्यात होतो. नागपुरातल्या एका कचेरीत आम्ही टेम्पोभर भावंडं दाखल झालो. माझ्या वाट्याला आलेला साहेब काम अडलं की माझ्या डोक्यावर थपडा मारायचा आणि काम झालं की स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा. चहा त्याने सांडायचा आणि नाव माझं खराब व्हायचं. तरी मी कधी खाडा केला नाही. मग वरून हुकूम आला, की नवी प्रणाली या जुन्या डब्यांत चालत नाही. माझं काहीही बिघडलं नव्हतं, मित्रांनो. गरज सरो, वैद्य मरो. धडधाकट असताना मला उचललं आणि भंगाराच्या भावात काढून टाकलं.

तिथून मी गोंदियात रेणूच्या दुकानात आलो. रेणू सडक अर्जुनीकडची, शेतकऱ्याघरची मुलगी. कचेऱ्यांनी टाकलेले संगणक आणायचे, उघडून साफ करायचे, लागेल तो भाग बदलायचा आणि गावोगावच्या लोकांना विकायचे, हा तिचा धंदा. शेजारी नव्या संगणकांचं दुकान होतं. "भंगाराले पावडर लावून विकते ते," असं तिथला मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्यामुळे रेणू सदा फणकाऱ्यात असायची. मला उघडलं तेसुद्धा उपकार केल्यासारखं. तिने ब्लोअरने धूळ उडवली, मेमरीची पट्टी खोडरबरने घासली, पंख्याखालची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. जुनी हार्डडिस्क काढली, म्हणजे कचेरीचं सारं पुसलं गेलं. मग तुला हे आठवतं कसं, असं विचारू नका; खाल्लेला मार डिस्कवर साठवलेला नसतो. तिने बटण दाबलं आणि मी पूर्वीपेक्षा लवकर जागा झालो, तेव्हा मात्र बरं वाटलं, हे कबूल करतो.

मला घ्यायला कोहमाऱ्याजवळचा राइस मिलवाला उमराव आला. सोबत त्याची आई यशोदाबाई होत्या. धान भरडायला आणणाऱ्यांचे नंबर लावण्यासाठी त्यांना संगणक हवा होता. निघताना रेणू म्हणाली, "काकी, मिलमधी कोंडा लय उडते. याले झाकूनच ठेवा, उघडा सोडू नोका." बंद असताना, असं तिला म्हणायचं होतं. पण दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून तेवढं सांगायचं राहून गेलं.

मिलमध्ये यशोदाबाई माझ्यासमोर बसू लागल्या. दोन बोटांनी नावं टाइप करायच्या आणि नंबराची चिठ्ठी काढून द्यायच्या. आधी उमरावचे ओळखीचे लोक खुशाल पुढे घुसायचे. आता कोणी घुसला, की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "लाइनीत राय जी." ज्या बाईला घरात भाजी कोणती करू एवढंच विचारलं जात होतं, तिच्या शब्दावर मिलमधली पोती हलू लागली. ती खुर्ची त्यांना जिवापाड आवडली. उमरावच्या डोळ्यांत मात्र तीच खुपत होती, कारण त्याचे दोस्त त्याला टोमणे मारत होते, की मिल तुही आहे का तुह्या मायची?

बाईंनी रेणूचं सांगणं तंतोतंत पाळलं. स्क्रीन तेवढा उघडा ठेवून माझ्या डब्याला जुन्या लुगड्याची दुहेरी खोळ शिवली, बटणापुरतं भोक ठेवलं आणि मी चालू असतानाही ती कधी काढली नाही. आत मी भट्टीसारखा तापायचो. त्यांच्या मायेचा मला विलक्षण राग यायचा. शेवटी ऐन हंगामात, दारात ट्रॅक्टर उभे असताना, मी बंद पडलो.

उमरावला निमित्तच हवं होतं. मला गाडीत टाकून, आईलाही सोबत घेऊन तो गोंदियाला आला. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्याने मला काउंटरवर आदळलं.

"घे तुहं भंगार. लोकायले फसवून राहिली तू."

"फसवाले मी काय रस्त्यावर बसली काय?" म्हणत रेणूने मला उघडलं. खोळ बघितली, तापून काळा पडलेला पंखा बघितला. "चालू मशीन कोणं झाकली? अशानं नवी मशीनबी मरते."

यशोदाबाई म्हणाल्या, "तूच तं सांगतलं पोरी, झाकून ठेवा म्हणून."

आवाज ऐकून शेजारचा मालक दारात येऊन उभा होता. रेणूने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मी असं नाही सांगतलं, काकी. तुमच्याच ऐकण्यात चूक झाली."

मी ऐकलं होतं, मित्रांनो. तोंड नसल्याचा एवढा संताप मला कधी आला नव्हता.

उमराव आईकडे वळला. "आजपासून तू मशीनले हात नोको लावू. मी ऑपरेटर बसवतो."

बाईंनी खोळीची घडी घातली, ती पिशवीत टाकली आणि त्या बाहेर निघून गेल्या.

रेणूने मला पुन्हा साफ केलं, नवा पंखा बसवला. काम मन लावून केलं, पण तिला चैन नव्हती. ती बटण दाबायची आणि मी मुद्दाम उशीर लावायचो.

उमराव मला न्यायला आला, तेव्हा यशोदाबाई गाडीतून उतरल्या नाहीत. रेणूने मला गाडीपर्यंत आणलं आणि म्हणाली, "भाऊ, झाकाले मीच सांगतलं होतं."

"मंग त्या दिवशी काऊन नाही बोलली?"

"दुकानात लोक होते."

यशोदाबाईंनी काच खाली केली. "लोकायसमोर माही इज्जत घेतली, तं लोकायसमोरच वापस दे. बस गाडीत."

रेणूने शटर ओढलं आणि मला मांडीवर घेऊन ती बसली.

मिलपुढे धानाच्या पोत्यांवर माणसं वाट बघत होती. रेणू त्यांच्यासमोर उभी राहिली. "ऐका जी. मशीन काकीनं नाही बिघडवली. मी अर्धवट सांगतलं, अन् मंग दुकानात खोटं बोलली."

कोणी शाबासकी दिली नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग आता नंबर कोण लावते? बाई नसन, तं मी धान दुसऱ्या मिलमधी नेतो." दोघंतिघं त्याच्यासोबत उठून उभे राहिले.

उमरावने खुर्चीवरचा आपला दुपट्टा उचलला आणि तो हमालांवर ओरडत निघून गेला. यशोदाबाई खुर्चीवर बसल्या. रेणूला त्यांनी चहा विचारला नाही. परतीची बस धरायला ती चौकापर्यंत पायी गेली.

आता रिवाजाप्रमाणे विनंती. चालू यंत्र झाकू नका, त्याला वारा लागू द्या. काम संपलं की मग हवं तेवढं पांघरूण घाला. जुनं फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि आपल्या चुकीचं खापर फोडायला डोकं हवंच असेल, तर माझं घ्या. ते पत्र्याचं आहे. राबून घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्याला हात लावू नका.