मान हलायची थांबली

मंजुषाने घोडीच्या पुढच्या उजव्या खुराचा तळवा आणखी जरासा तासला, आणि पू यायच्या ऐवजी रक्त आले. तिने घाईघाईने कापूस दाबून पट्टी बांधली. जनावरांची डॉक्टर होऊन जेमतेम वर्ष झालेले. लंगडणाऱ्या घोडीची ही पहिलीच केस, तीही दवाखान्यातल्या सरांना "मी बघते" असे ऐटीत सांगून घेतलेली.

"आता पळवून बघा," ती म्हणाली.

घोडीचा मालक जावेद याने लगाम धरून तिला करमाडच्या रस्त्याकडेने दुडक्या चालीने नेले. उद्या क्रांती चौकातून वरात निघायची होती आणि नवरदेव हिच्यावरच बसणार होता. मघाशी उजवा पाय टेकला की तिची मान खाली जायची. आता ती सरळ राहिली.

"मान हलायची थांबली, म्याडम," जावेद लांबूनच म्हणाला. "बरी झाली."

त्याची आई आबेदा सरबत घेऊन बाहेर आली.

"हाताला गुण हाय, बेटा. लई दुवा लागंल तुला."

सरबत गोड होते, कौतुक त्याहून गोड. घोट घेता घेता मंजुषाने वळून येणाऱ्या घोडीकडे पाहिले. मान हलत नव्हती खरी, पण पावले आखडली होती. विस्तवावरून चालावे तसे पुढचे दोन्ही पाय ती टेकताक्षणी उचलत होती.

परीक्षेत जे लिहून मार्क मिळवले होते, ते मंजुषाला आता कुठे कळले. दुखरा पाय टेकताना घोडा मान वर घेतो आणि चांगल्या पायावर भार देताना खाली घालतो. म्हणजे दुखत होता डावा. उजवा आपण चिरून ठेवला. आता दोन्हीकडे सारखेच दुखत असताना मान झुकणार तरी कुणीकडे? लाजेने तिचे कान तापले. आपण गप्प राहिलो तर कुणाला कळायचे नाही, असेही मनात येऊन गेले, आणि त्याची तिला अधिकच लाज वाटली.

"जावेदभाई, हिला वरातीला नेऊ नका. चूक झाली माझी. दुखणं डाव्या पायात होतं, मी चांगला पाय कापला."

आबेदाने तिच्या हातातला ग्लास हळूच काढून घेतला. जावेद वाकला आणि त्याने डावा पाय उचलून धरला. उजव्यावर भार येताच घोडी कळवळली.

"ह्योच ना? आता तरी नक्की?"

"एकदा पळवून..." मंजुषा म्हणाली आणि थांबली. पळवून आता काहीच दिसणार नव्हते.