रवा हरवलेलं तूप

मित्रांनो, झाकणाला पोचा आलेला, कडी ढिली झालेला तुपाचा जुना डबा तो मी. चोपड्याच्या कमलबाईंचा. दर महिन्याला एसटीने जळगावला चंदनबाईंकडे तूप पोचवायचं, हेच माझं आयुष्य. चंदनबाई चमचा घालायच्या, रवाळ तूप पाहून मान डोलवायच्या आणि त्यांच्या शब्दावर अख्खी गल्ली कमलबाईंकडून तूप घ्यायची.

यंदाच्या थंडीत मात्र घात झाला. रात्री उशिरा कढवलेलं तूप सकाळपर्यंत थिजलं नाही तर गाडीत सांडेल, या काळजीने कमलबाईंनी मला गरम तुपासकट नव्या फ्रिजमध्ये ठेवलं. अहो, तिथेच सगळं चुकलं! तुपाच्या रेणूंना लांब शेपट्या असतात. सावकाश निवू दिलं की ते ओळीने नीट बसतात आणि टपोरा रवा धरतो. एकदम गारठवलं की बिचारे असतील तसेच अडकतात. तूप मेणासारखं गुळगुळीत होतं. रेणू तेच, फक्त बसायची रीत बिघडली. पण हे मी सांगणार कुणाला, मला काय तोंड आहे!

चंदनबाईंनी चमचा घातला आणि कपाळाला आठ्या पडल्या. यात तेलाची भेसळ आहे, असं त्या तोंडावरच म्हणाल्या.

“मनी म्हैसनं बठ्ठं तूप शे, अक्का. दुसरं काहीच नही.” सगळं तूप आपल्याच म्हशीचं, हे कमलबाई परत परत सांगत राहिल्या. मला तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला आणि सगळ्यांनी तूप बंद केलं. कमलबाईंचं घर तर त्या एका म्हशीवर चालतं. माझा जीव टांगणीला लागला.

चार-दोन दिवसांनी, निदान दिव्याला तरी होईल म्हणून चंदनबाईंनी ते तूप मंद आचेवर पातळ केलं, माझ्यात परत ओतलं आणि ओट्यावर विसरल्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडतात तो काय, टपोरा रवा! भेसळ असती तर असा रवा धरलाच नसता, हे त्यांना कळलं. मग त्यांनी फोन लावला. म्हशीला गिऱ्हाईक आलंय, दावं सोडायचंच बाकी आहे, एवढंच कमलबाई म्हणाल्या.

“सोडू नको गं. मी येतेय.”

एसटीत चंदनबाईंनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. प्रत्येक थांब्यावर मी घाबरत होतो. अंगणात पोचलो तेव्हा दावं गिऱ्हाइकाच्या हातात होतं. चंदनबाईंनी चमचाभर तूप कमलबाईंच्या तळहातावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “चुकले मी. गल्लीतही घरोघरी जाऊन हेच सांगेन.”

कमलबाईंनी अंगठ्याने रवा चोळून पाहिला. डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाच्या हातातून दावं काढून घेतलं.

मित्रांनो, तूप बिघडलं तर वितळवून पुन्हा निवू देता येतं. माणसाचं नाव घालवण्याआधी मात्र एक दिवस थांबत जा. दर वेळी एसटी वेळेवर पोचेलच असं नाही.