बिनचकतीचा साचा

मी शिरवाळ्यांचा एक जुना साचा आहे, मित्रांनो, आणि त्याच्याही आधी मी फणस होतो. मसुऱ्याच्या शंकर सुताराने मला घडवलं. गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसलं तरी लाकूड पुरतं वाळल्याशिवाय तो रंध्याला हात लावत नसे. चार पाय, मध्ये आरपार भोक पाडलेला ठोकळा, वरून दाबायला लांब दांडा आणि भोकाच्या तळाशी बारीक छिद्रांची पितळी चकती, असा माझा थाट. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गरम गोळे भोकात घालायचे, दांड्यावर भार टाकायचा, की खालून पांढरेशुभ्र शिरवाळे सुटतात. नारळाच्या गोड रसात बुडवून ते खाताना भांडणारी माणसंसुद्धा गप्प होतात. आपलीच टिमकी वाजवतोय म्हणाल, पण खरं ते खरं.

माझं काम मात्र एकट्यादुकट्याचं नाही. एकीने दांडा दाबायचा आणि दुसरीने खाली ताट धरून फिरवत राहायचं. ताट फिरलं नाही तर शिरवाळ्यांचा गुंता होतो.

मी तोंडवलीला आनंदीबाईच्या घरी आलो. ती तेव्हा नुसती आनंदी होती, म्हणून मी अजून तिला एकेरीतच हाक मारतो. अख्ख्या वाडीत साचा मी एकटाच. आज ह्या घरी, उद्या त्या घरी, मी सतत कुणाच्या तरी कडेवर असायचो. वाडीची रीत अशी होती की साचा कुणीही न्यावा, विचारायचीसुद्धा गरज नाही. पण परत देताना सोबत वाडगाभर शिरवाळे यायलाच हवेत. आणि तो वाडगाही ज्याचा त्याला रिकामा जाता कामा नये. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काही ना काही त्यात पडायचंच.

मला सर्वांत जास्त कुणी नेलं असेल तर शेजारच्या नर्मदेने. आनंदी दांडा दाबायची, नर्मदा ताट फिरवायची, आणि दोघींची तोंडं माझ्यापेक्षा जोरात चालायची. एकदा बोलण्याच्या नादात नर्मदेने तापलेला टोप माझ्या पायाला टेकवला. तो काळा डाग अजून माझ्या पायावर आहे. तेव्हा मला राग आला होता. आता तोच डाग मी दागिन्यासारखा मिरवतो, का ते पुढे सांगतो.

नर्मदेच्या नवऱ्याला दोडामार्गला काजूच्या बागेत काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी तिने शेवटचे शिरवाळे केले, मला परत आणून ठेवलं आणि सोबत आपला पितळी वाडगा भरून दिला. आनंदीने वाडगा रिकामा करून धुतला. माझ्या चकतीची छिद्रं माडाच्या हिराने साफ केली आणि ती इकडेतिकडे जायला नको म्हणून त्याच वाडग्यात ठेवली. चकती तळाशी अशी चपखल बसली की पितळेत पितळ दिसेना. सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला. आनंदी धावली. वाडगा रिकामा कसा द्यायचा, म्हणून तिने मडक्यातले तांदूळ त्यात ओतले आणि भरल्या डोळ्यांनी तो नर्मदेच्या हातात दिला.

मी पडवीत बसून हे सगळं पाहत होतो. ओरडलो असतो, पण देवाने साच्याला तोंड दिलं ते शिरवाळ्यांपुरतंच.

चार दिवसांनी चकती शोधताना आनंदीने घर उलटंपालटं केलं. साचा शेवटी नेला होता नर्मदेने. मग काय, तिचा निवाडा झाला. मैत्रिणीने जाता जाता चकती लांबवली, हे आधी तिने मनात म्हटलं, मग विहिरीवर म्हटलं, आणि विहिरीवर म्हटलेलं वाडीभर व्हायला वेळ लागत नाही. पुढे एकदा आंगणेवाडीच्या जत्रेत दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा आनंदीने तोंड फिरवलं. नर्मदा तशीच मागे वळली.

मी माळ्यावर गेलो. खाली स्वयंपाकघरात स्टीलचा सोऱ्या आला. तो चकलीही करतो, शेवही करतो, आणि शिरवाळे करायला घेतले की कण्हतो. अशी चाळीस वर्षं गेली.

मला खाली उतरवलं ते आनंदीच्या सुनेने, स्वप्नाने. घराच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते, आणि उरल्या वेळात तिला छंद जुन्या भांड्यांचा. मोबाईलवर तिने ‘चुलीकडची मंडळी’ नावाचा ग्रुप काढला आहे. कुणी पाट्याचा फोटो टाकतं, कुणी जात्याचा, आणि मग त्याला टाकी कशी लावायची यावर दिवसभर चर्चा रंगते. ग्रुप उघडा होता. सभासद नसलेल्यालाही तो वाचता यायचा, दोन शब्द लिहिता यायचे. स्वप्नाने मला पुसलं, नारळाचं तेल लावलं, माझा फोटो काढला आणि सासूला विचारलं, काय लिहू?

“लिही,” आनंदी म्हणाली, “चकती नर्मदान ढापल्यान.”

स्वप्ना शहाणी. तिने गावाचं नाव घातलं नाही, नर्मदेचंही घातलं नाही. साच्याची चकती हरवली आहे, कुणाकडे अशी असेल तर माप कळवा, एवढंच लिहिलं.

पण त्याच आठवड्यात ग्रुपवर वादाला तोंड फुटलं. कौस्तुभ नावाचा एक सभासद, मूळचा मसुऱ्याचा, आता पुण्याला असतो. त्याच्या सुगंधाकाकीच्या घंगाळाचा फोटो ग्रुपवर होता. तो पाहून कुणी एक व्यापारी तिच्या दारात आला, मी तुमच्या ग्रुपचाच म्हणाला, आणि प्लास्टिकचे दोन टप देऊन सासूच्या सासूपासूनचं घंगाळ घेऊन गेला. काकी चार दिवस जेवली नाही. कौस्तुभने लिहिलं की ग्रुप बंद करा, आतलं फक्त सभासदांना दिसू दे, आणि ज्याला आत यायचं त्याने आधी स्वतःच्या घरातली वस्तू दाखवावी. बहुतेकांनी माना डोलावल्या. रविवारी रात्री दार लागणार असं ठरलं.

स्वप्नाला ते पटत नव्हतं, पण बोलायला तोंड नव्हतं. काकीचं नुकसान तिच्याच ग्रुपच्या अंगणातून झालं होतं. पडवीत मला पुसता पुसता ती आपल्याशीच म्हणाली की कौस्तुभचं चुकलं तरी कुठे? मलाही उद्या कुणी उचलून नेलं असतं आणि कुठल्या हॉटेलात माझ्यावर फुलदाणी ठेवली असती, तर मला आवडलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी दोडामार्गला काय घडलं ते मला मागाहून कळलं. नर्मदेची नात आकांक्षा गोव्यात कामाला जाते. परतीच्या बसमध्ये मोबाईल चाळताना तिला माझा फोटो दिसला. ती काही सभासद नव्हती. पण घरी देवाऱ्याजवळ एक पितळी चकती तिने लहानपणापासून पाहिली होती, आणि ती कशाची ते तिला कधी कळलं नव्हतं. तिने फोटो आजीपुढे धरला. नर्मदेने चष्मा लावला, माझ्या पायावरचा काळा डाग पाहिला, आणि किती तरी वेळ मोबाईल खाली ठेवला नाही.

रविवारी सकाळी स्वप्नाने तिचे शब्द सासूला वाचून दाखवले. नर्मदेने सांगितलं तसं आकांक्षाने लिहिलं होतं: “ती चकती माझ्याकडे आसा. निघताना आनंदीन माका दिल्यान. साचो तिच्याकडे, चकती माझ्याकडे, म्हणजे येणा-जाणा ऱ्हवात. ती बरी आसा मां?”

आनंदी पडवीतल्या बाकावर बसली. हातातली सुपारी हातातच राहिली.

“वाडगो रिकामो कसो धाडूचो म्हणान मी तांदूळ ओतलंय,” ती हळूच म्हणाली. “तळाक काय आसा ता बघूकच नाय.”

चाळीस वर्षांनी माझी साक्ष झाली, मित्रांनो, आणि तीही मी न बोलता.

त्या दुपारी स्वप्नाने ग्रुपवर सगळी हकीकत लिहिली. सासूची चूकही लिहिली, सासूला विचारूनच. आणि शेवटी लिहिलं की आमच्या आगराला, म्हणजे माडांच्या बागेला, बेडं असतं, बांबूच्या आडव्या दांड्यांचं. ते गुरं आत शिरू नयेत म्हणून असतं. माणूस दांडा सरकवून येतो. आपण दार बंद न करता बेडं घालू या. गावांची आणि घरांची नावं कुणी लिहायची नाहीत, विकत घ्यायची भाषा करील त्याला बाहेर काढायचं. आणि बाहेरचा कुणी काही विचारून गेला, तर त्याने आपल्याकडचं काही सांगून जावं, वाडगा रिकामा परत जायला नको. संध्याकाळी कौस्तुभने लिहिलं की ठीक आहे, पण बेड्यावर मी बसणार. तो खरोखरच बसला आहे, आणि त्याच्या तावडीतून अजून एकही व्यापारी सुटलेला नाही. सुगंधाकाकीचं घंगाळ मात्र परत आलं नाही. त्याची खंत त्याला आहे, आणि ती असायलाच हवी.

मंगळवारी सकाळच्या एसटीने नर्मदा आली. केस पांढरे झाले होते, चालताना कंबर धरत होती. पिशवीतून तिने तोच पितळी वाडगा काढला. तो काजूगरांनी भरलेला होता, आणि काजूगरांच्या खाली माझी चकती. ती माझ्या भोकात बसली तेव्हा खट असा आवाज झाला. मला रडू येत नाही, नाहीतर आलं असतं.

चुलीवर गोळे उकडत होते. आनंदीने पहिला गोळा माझ्यात घातला, दांड्यावर हात ठेवला आणि तशीच थांबली.

“नर्मदे, मी तुका चोर म्हटलंय,” ती म्हणाली. “चाळीस वर्सां म्हटलंय. सगळ्या वाडीक सांगलंय.”

नर्मदा खाली ताट धरून बसली होती. तिने मान वर केली नाही. जत्रेतलं ते फिरवलेलं तोंड तिला तेव्हा समजलं असावं.

“आणि मी थंय सगळ्यांका सांगलंय, आनंदीन आपल्या साच्याची चकती माका दिल्यान,” ती म्हणाली. मग तिने ताट फिरवायला घेतलं. “दांडो दाब गो. गोळो निवता.”

शिरवाळे सुटले. एकही तुटला नाही.

दुपारी नर्मदा निघाली तेव्हा आनंदीने माझी चकती काढली, हिराने साफ केली, वाडग्याच्या तळाशी ठेवली आणि वरून मूठ मूठ करून तांदूळ घातले. स्वप्ना पाहतच राहिली. वाडगा नर्मदेच्या हातात देत आनंदी म्हणाली, “ह्या खेपेक बघान घातलंय हां.”

तर मित्रांनो, मी पुन्हा बिनचकतीचा झालो आहे, आणि इतक्या सुखात मी कधीच नव्हतो. पुढच्या महिन्यात नर्मदा येणार आहे, नाहीतर मला घेऊन आनंदी दोडामार्गला जाणार आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं अर्धवट राहिलेलं काही असेल, तर त्याला मोडीत काढू नका, पुसून पडवीत ठेवा. आणि बेडं घाला, जरूर घाला. पण त्याचा दांडा बाहेरून येणाऱ्यालाही सरकवता येईल, एवढं बघा. आपली चकती कुणाकडे जपून ठेवलेली असेल, सांगता येत नाही.