खालच्या पट्टीतलं ग्रीस

हॉटेलांच्या चादरी धुवायला न्यायच्या आणि धुऊन परत पोचवायच्या, हा तिचा धंदा. त्या धंद्याचा सगळा जीव व्हॅनच्या सरकत्या दारात अडकलेला. आणि ते दार काही आठवड्यांपासून हट्टी पोरासारखं अर्ध्यात अडून बसत होतं. खांदा लावला की कुरकुरत हलायचं, बंद करायला गेलं की पुन्हा तेच.

शेवटी एका दुपारी ती हॉटेलाच्या मागच्या गल्लीत गुडघ्यांवर बसली आणि दाराच्या खालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर घातला. वाळू मिसळलेला काळा, चिकट गोळा बाहेर आला. थरावर थर ग्रीस! तिचं डोकंच सणकलं. या पट्टीला ग्रीस लावायचंच नसतं. ते धूळ धरतं आणि दाराची चाकं जाम होतात. पट्टी नुसती कोरड्या फडक्याने पुसायची. हे तिला बाबांनीच शिकवलेलं. बाबा जन्मभर गाड्यांची दारं दुरुस्त करणारे मिस्त्री. याच चुकीवरून त्यांनी गॅरेजातल्या भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं. म्हणजे हा उद्योग नवऱ्याचाच. घरी गेल्या गेल्या तिने त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. आता तिच्याकडेच राहणाऱ्या बाबांनीही त्याला ऐकवलं, की जावईबापू, त्या पट्टीला ग्रीस चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती बाबांना शोधत बाहेर आली. बाबा व्हॅनपाशी उकिडवे बसले होते. बोटावर ग्रीस घेऊन ते खालच्या पट्टीत मायेने भरत होते आणि स्वतःशीच गुणगुणत होते. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं ते स्वतःच विसरले होते.

डबा काढून घ्यावा, असं तिच्या मनात आलं. पण दिवसभरात त्यांच्या हाताला तेवढंच एक काम उरलं होतं. तेही काढलं, तर माणूस भिंतीकडे बघत बसणार. तिने चहाचा कप त्यांच्याशेजारी ठेवला. त्या दिवसापासून सकाळी बाबा ग्रीस भरायचे आणि दुपारी ती रॉकेलच्या फडक्याने ते पुसून काढायची. तिने नवऱ्याची माफी मागितली. त्यानेही बाबांना यातलं काही कळू दिलं नाही. बाबा मात्र शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, दार कसं लोण्यासारखं सरकतंय, आपला रोज हात लागतो ना! तिला त्यातही सुख वाटायला लागलं होतं. हे असंच वर्षानुवर्षं चालू दे, एवढंच तिचं मागणं होतं. पण एवढं कुठलं नशीब!

एका दुपारी पट्टीत घातलेलं फडकं स्वच्छ बाहेर आलं. तिने बोट घालून पाहिलं. पट्टी कोरडी ठणठणीत होती, दार एका बोटाने सरकत होतं, आणि ती दोन हॉटेलांच्या चादरींवर डोकं टेकून ढसाढसा रडली.

घरी बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, आज दाराचं बघितलं नाहीत?"

ते लगबगीने उठले. खोलीच्या दारापाशी गेले, ते लावलं, उघडलं, पुन्हा लावून पाहिलं. बिजागरीला कान लावला. मग नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीने तिच्याकडे वळले.

"चांगलं लागतंय की. याला काही करायची गरज नाही, ताई."

ती बरं म्हणाली.